जगज्जेत्याची पुढची जोड कोणी लावायची? बॉक्सिंगच्या चार जागतिक संघटनांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व पदाधिकारी,
वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आणि वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन

विषय: हेवीवेट गटातील आव्हानवीरांची निवड आणि लांबणाऱ्या पुनर्लढती

महोदय,

सविनय नमस्कार. मी ठाण्यात राहतो, दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब लिहितो आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत मुलामुलींना बॉक्सिंग शिकवतो. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा वर्ग भरतो. तिथे पूर्ण मापाची रिंग नाही, चार खांबांना बांधलेले दोर आहेत, तीन जड बॅगा आहेत, आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा आवाज इतका असतो की घंटा ऐकू येत नाही म्हणून मी शिट्टी वापरतो. मुले किसननगर, लोकमान्यनगर, कळवा इथून येतात. एक मुलगी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने येते. आपल्या संघटनांच्या कारभाराशी आमचा काडीचाही संबंध नाही. परंतु हेवीवेटची मोठी लढत असली की आम्ही रात्र जागवतो, आणि अशाच एका रात्री मला विचारलेल्या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

ती रात्र १८ मे २०२४ ची. लढत रियाधला होती, आपल्याकडे १९ तारखेची पहाट उजाडायला आली होती. माझ्या घरातल्या पुढच्या खोलीत सात जण एका लॅपटॉपभोवती बसले होते. नवव्या फेरीत ओलेक्सांदर उसिकच्या डाव्या हाताच्या ठोशांनी टायसन फ्युरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर हेलपाटत गेला, पंचांनी मोजणी केली आणि घंटेने त्याला वाचवले. निकाल विभागून लागला: दोन जजनी उसिकला ११५-११२ आणि ११४-११३ असा कौल दिला, तिसऱ्याने फ्युरीला ११४-११३. लेनॉक्स लुईसने १९९९ च्या नोव्हेंबरात इव्हँडर होलीफिल्डला हरवले होते, त्यानंतर दोन तपे उलटल्यावर हेवीवेटला निर्विवाद जगज्जेता मिळाला, आणि आपल्या चार संघटनांचे चारही पट्टे एका कमरेला तर प्रथमच. मी चहा गाळत होतो. कळव्याच्या एका पोराने विचारले, "सर, आता ह्याची पुढची कोणाशी?" मी म्हटले, "परत फ्युरीशीच. करारातच आहे तसं." त्यावर तो म्हणाला, "मग ज्याचा नंबर लागलाय त्याने काय करायचं?"

नंबर लागलेल्याचे काय झाले ते आपणास ठाऊकच आहे. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनच्या पाळीचा आव्हानवीर ताटकळत होता आणि उसिक पुनर्लढतीच्या कराराने बांधलेला होता, त्यामुळे जून संपायच्या आत त्याने तो पट्टा सोडला आणि डॅनियल दुबुआ रिंगमध्ये न उतरताच अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या, विजेत्याचा पूर्ण विजेता झाला. ज्या एकीकरणासाठी जगाने दोन तपे वाट पाहिली, ते जेमतेम सव्वा महिना टिकले. चार पट्टे पुन्हा एका जागी यायला १९ जुलै २०२५ उजाडावा लागला, त्या दिवशी वेम्ब्लीवर उसिकने दुबुआला पाचव्या फेरीत खाली बसवले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की विजेतेपद ही आपल्या संघटनांची ठेव आहे आणि पुनर्लढतीचा करार हा दोन बॉक्सरांचा आणि त्यांच्या प्रमोटरांचा खाजगी व्यवहार आहे. खाजगी व्यवहारात ही ठेव गहाण टाकण्याची मुभा आपण दिली आहे, आणि ती काढून घ्यावी, एवढेच मागण्यासाठी मी हा लेखनप्रपंच करीत आहे.

आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. पैलवान मैदानाला फेरी मारून जोड मागतो, पंचमंडळी दोघांना शेजारी उभे करून अंगलट पाहतात, इनाम पुकारले जाते, आणि एकदा हात मिळवले की माघार नसते. या पद्धतीचे मी गोडवे गात नाही. तिथेही वशिला चालतो आणि नुरा कुस्ती कशाला म्हणतात हे महाराष्ट्रातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पण तिथे एक गोष्ट पक्की आहे: जोड लावणारा माणूस आणि लंगोट लावलेला माणूस वेगवेगळे असतात. आपल्या हेवीवेट गटात मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ हे दोघे बऱ्याचदा एकच राहिले आहेत.

जॅक जॉन्सनला विजेतेपदाची संधी मिळावी म्हणून तेव्हाच्या जगज्जेत्या टॉमी बर्न्सच्या मागे थेट सिडनीपर्यंत जावे लागले आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी त्याने ती वसूल केली. एवढे सोसलेल्या माणसाने तरी पुढे सॅम लँगफर्ड आणि जो जेनेट यांना दार उघडायचे, पण जगज्जेता असताना त्याने त्या दोघांनाही विजेतेपदासाठी उभे केले नाही. जॅक डेम्प्सी सप्टेंबर १९२३ ते सप्टेंबर १९२६ अशी तीन वर्षे पट्टा सांभाळून बसला आणि आव्हानवीर हॅरी विल्सशी त्याची लढत शेवटपर्यंत झालीच नाही. तेव्हा आपल्यापैकी बहुतेक संघटना अस्तित्वात नव्हत्या, म्हणून त्या काळाचा जाब आपल्याला विचारणे बरोबर नाही.

१९३७ ची गोष्ट मात्र मी वर्गातल्या मुलांना नेहमी सांगतो. मॅक्स श्मेलिंगने आदल्या वर्षी जो लुईला नॉकआऊट केले होते, त्यामुळे तेव्हाचा जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक याला आव्हान देण्याचा पहिला हक्क त्याचा होता आणि तशी लढत ठरलीही होती. ब्रॅडॉकच्या मॅनेजरने त्याऐवजी लुईची निवड केली आणि त्या बदल्यात लुईच्या पुढच्या लढतींच्या प्रमोटरच्या नफ्यातून दहा टक्के हिस्सा दहा वर्षांसाठी लिहून घेतला. श्मेलिंग अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला आला, ठरलेल्या दिवशी वजनकाट्यावर चढला, आणि समोर कोणीच नव्हते. हिटलरच्या जर्मनीतून आलेल्या आव्हानवीराला संधी देण्यास अमेरिकेत मोठा विरोध होता आणि त्या विरोधाचे कारण मला समजते. शिवाय लुई हा त्याहून थोर बॉक्सर ठरला यात शंका नाही. परंतु तो दहा टक्क्यांचा करार राजकारणाचा नव्हता, तो निव्वळ धंद्याचा होता.

रिकाम्या वजनकाट्याचे हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तसेच एक मी स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका निमंत्रित स्पर्धेत माझा एक विद्यार्थी उतरला होता. आदल्या रात्रीपासून त्याने पाणी सोडले होते, सकाळी अंगात दोन स्वेटर घालून तो मैदानाला धावत चकरा मारत होता, च्युइंगगम चघळून थुंकत होता. वजन बरोबर भरले. मग टेबलामागच्या गृहस्थांनी यादीवर बोट फिरवले आणि सांगितले की यजमानांच्या विजेत्या मुलाची जोड दुसऱ्या मुलाशी लावली आहे, तुमच्या मुलाला पुढच्या वर्षी बघू. तो दुसरा मुलगा पहिल्याच वर्षी हातमोजे घालत होता. माझ्या विद्यार्थ्याने तिथेच बाकावर बसून एक लिटर पाणी एका दमात प्यायले आणि मला म्हणाला, "सर, मला हरवलं असतं तरी चाललं असतं." त्याने पुढे खेळ सोडला. गल्लीतल्या स्पर्धेची तुलना जागतिक विजेतेपदाशी करणे आपणास पोरकट वाटेल; रांगेत उभ्या राहिलेल्याला मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच वाटत असावे.

आता वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलच्या पदाधिकाऱ्यांना दोन प्रसंगांची आठवण करून देतो. रिडिक बोने नोव्हेंबर १९९२ मध्ये होलीफिल्डला हरवले. लेनॉक्स लुईसने त्याच्या पंधरवडाभर आधी रेझर रडकला दोन फेऱ्यांत संपवून आपली पाळी पक्की केलेली होती. बोने लुईसशी लढण्याऐवजी डिसेंबरमध्ये लंडनला जाऊन आपल्या कौन्सिलचा पट्टा छायाचित्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. हे दोघे १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत भेटले होते आणि लुईस जिंकला होता, कारण तिथे चिठ्ठ्या काढून जोड्या ठरलेल्या असतात आणि प्रतिस्पर्धी नाकारण्याची सोय नसते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते पुन्हा कधीच समोरासमोर आले नाहीत. दुसरा प्रसंग डिलियन व्हाइटचा. आपल्याच क्रमवारीत तो एक हजाराहून अधिक दिवस अव्वल किंवा त्याच्या आसपास होता आणि विजेतेपदाची लढत त्याला एप्रिल २०२२ मध्ये फ्युरीविरुद्ध मिळाली. त्याच वर्षअखेर फ्युरीने ज्याला आधीच दोनदा हरवले होते त्या डेरेक चिसोराशी तिसऱ्यांदा लढत घेतली, आणि पुढच्या वर्षी व्यावसायिक बॉक्सिंगची एकही लढत न खेळलेल्या फ्रान्सिस एन्गानूशी. तिसऱ्या फेरीत एन्गानूने त्याला खाली पाडले तेव्हा आमच्या खोलीत जो आरडाओरडा झाला त्याने वरच्या मजल्यावरच्या काकू उठून खाली आल्या. त्या लढतीत पट्टा पणाला नव्हता, हे मान्य आहे. पण पट्ट्याचा मालक त्या काळात दुसरीकडे गुंतलेला होता, हेही मान्य व्हावे.

पुनर्लढतीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण काही पुनर्लढती हव्याच असतात. मार्च १९९९ मध्ये लुईस-होलीफिल्ड लढत बरोबरीत सोडवली गेली तेव्हा लुईसवर अन्याय झाला असे जवळजवळ सगळ्यांचे मत पडले, आणि आठ महिन्यांत ती लढत पुन्हा झाली हे योग्यच झाले. माझा आक्षेप त्या पुनर्लढतीला आहे जी पहिल्या लढतीच्या आधीच, विम्याच्या पॉलिसीसारखी, करारात लिहिलेली असते. विजेता हरला तर त्याला परत संधी, आणि आव्हानवीर जिंकला तर त्याचे पुढचे वर्ष त्याचे स्वतःचे नाही. हसीम रहमानने एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लुईसला पाचव्या फेरीत नॉकआऊट केले. त्याला दुसरीकडे लढायचे होते, परंतु लुईसने कोर्टाची पायरी चढून पुनर्लढतीचे कलम अमलात आणले आणि नोव्हेंबरमध्ये चौथ्या फेरीत हिशेब चुकता केला. खेळ म्हणून ते दृश्य भव्य होते. पण हेवीवेटचा पुढचा आव्हानवीर कोण, हे त्या वर्षी आपण ठरवले नाही, न्यायाधीशाने ठरवले.

२०२१ मध्ये तर लवादाने ठरवले. फ्युरी आणि अँथनी जोशुआ ऑगस्टमध्ये सौदी अरेबियात भिडणार असे जाहीर झाले आणि लगेच निवाडा आला की डिऑन्टे वाइल्डरला तिसरी लढत देणे फ्युरीवर बंधनकारक आहे. ठरलेली लढत मोडली. जोशुआला मग वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या अनिवार्य आव्हानवीराशी, म्हणजे ज्याच्याशी लढणे विजेत्याला नियमाने भाग असते त्याच्याशी, लढावे लागले. तो आव्हानवीर उसिक होता. मला वाटते, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इथे आहे आणि तो आपल्याच नियमाच्या बाजूने बोलतो: खालच्या वजनगटातून आलेला, डावखुरा, सहज हाती न लागणारा हा माणूस कोणत्याही शहाण्या विजेत्याने आपणहून निवडला नसता. तो रांगेतून आला. सप्टेंबर २०२१ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर त्याने जोशुआला हरवले आणि आपल्या काळातला सर्वोत्तम हेवीवेट आपल्याला मिळाला तो नियमामुळे, निवडीमुळे नव्हे. आणि तोच उसिक पुढे स्वतःच्या पुनर्लढतीच्या करारात असा अडकला की रांगेतल्या दुसऱ्या माणसासाठी त्याला पट्टा खाली ठेवावा लागला.

नियम कडकपणे पाळला की सगळे सुरळीत होते, असे मात्र मी म्हणणार नाही. फ्युरीने २८ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्युसेलडॉर्फला व्लादिमीर क्लिच्कोला हरवल्यावर दोन आठवड्यांच्या आत इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनने त्याचा पट्टा काढून घेतला, कारण तो अनिवार्य आव्हानवीर व्याचेस्लाव ग्लाझकोव्हऐवजी क्लिच्कोशी पुन्हा लढायला बांधील होता. जानेवारीत रिक्त पदाच्या लढतीत ग्लाझकोव्हचा गुडघा तिसऱ्या फेरीत गेला, चार्ल्स मार्टिन विजेता झाला, आणि एप्रिलमध्ये जोशुआने त्याला दोन फेऱ्यांत घरी पाठवले. इकडे फ्युरी-क्लिच्को पुनर्लढत दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी झालीच नाही. म्हणजे नियम पाळला गेला, पट्टा विखुरला, आणि ज्या लढतीमुळे हे झाले ती लढतही पाहायला मिळाली नाही. मी विचारतो ते एवढेच: लढतीला मान्यता देताना करारातले पुनर्लढतीचे कलम आपल्यासमोर नव्हते का? असेल, तर त्याच दिवशी दोघांनाही लेखी का सांगितले नाही की जिंकणाऱ्याला पट्टा मिळेल तो ग्लाझकोव्हचे देणे डोक्यावर घेऊनच?

वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनने हे १९६० च्या दशकातच करून पाहिले आहे. सनी लिस्टनशी तातडीच्या पुनर्लढतीचा करार केल्याबद्दल मुहम्मद अलीची मान्यता तिने काढून घेतली आणि मार्च १९६५ मध्ये एर्नी टेरेलला आपला विजेता ठरवले. लोकांनी अलीलाच जगज्जेता मानले. शिक्षा नंतर दिली की अशी पोकळ ठरते. अट आधी घातली तर शिक्षेची वेळच येत नाही.

बॉक्सरांची बाजू मला कळत नाही असे समजू नये. हेवीवेट वर्षातून फार तर दोनदा लढतो, एक वाईट रात्र सगळी कमाई पुसून टाकू शकते, आणि मे २०२४ मध्ये उसिक ३७ वर्षांचा होता. मोठ्या पैशाची लढत समोर असताना, ज्याचे नाव तिकीटबारीवर चालत नाही अशा माणसाशी लढ, असे त्याला सांगणे सोपे नाही. माणूस जागा बदलली की भूमिकाही बदलतो. जॉर्ज फोरमन किन्शासाला ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अलीकडून हरला आणि ती पुनर्लढत त्याला आयुष्यात मिळाली नाही. वीस वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला नॉकआऊट करून तो पुन्हा जगज्जेता झाला, पुढच्या एप्रिलमध्ये ॲक्सेल शुल्झविरुद्ध त्याला वादग्रस्त निर्णय मिळाला, पुनर्लढतीचा आदेश निघाला, आणि फोरमनने पट्टा सोडून दिला पण शुल्झशी पुन्हा लढला नाही. म्हणून हा निर्णय बॉक्सरच्या मनाच्या मोठेपणावर सोडता येत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागेल.

आपल्या अडचणीचे खरे कारणही स्पष्ट बोलले पाहिजे. आपले उत्पन्न लढतीच्या मानधनातून मिळणाऱ्या मान्यता शुल्कावर चालते. मानधन जितके मोठे तितके शुल्क मोठे, आणि पुनर्लढतीचे मानधन बहुधा रांगेतल्या आव्हानवीराच्या लढतीपेक्षा मोठे असते. हिशेब लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, ज्या निर्णयातून आपलाच महसूल वाढतो तो निर्णय आपणच देणे, हे कोणत्याही लेखापरीक्षकाला खटकेल. त्यात भर म्हणून 'अंतरिम', 'रेग्युलर', 'सुपर' असे पट्टे निघाले. महमूद चार याने २०१७ च्या नोव्हेंबरात असाच एक 'रेग्युलर' पट्टा जिंकला आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तो एकदाही रिंगमध्ये उतरला नाही. अंतरिम पट्टा हातात असूनही काय होते ते जोसेफ पार्करला विचारावे. उसिकची वाट पाहण्याऐवजी तो ऑक्टोबर २०२५ मध्ये फॅबियो वॉर्डलीशी लढला आणि अकराव्या फेरीत हरला. उसिक तेव्हा जखमी होता, दोष त्याचा नाही. पण लढत कोणत्या तारखेपर्यंत थांबेल आणि त्यानंतर काय, हे पार्करला आधी माहीत असते तर त्याने काय केले असते, असा विचार मनात येतोच.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. विजेतेपदाच्या प्रत्येक लढतीला मान्यता देताना पुनर्लढतीचे कलम जाहीर करून घ्यावे, आणि अनिवार्य आव्हानवीर थांबलेला असेल तर ते कलम पट्ट्याला लागू नाही असे त्याच कागदावर लिहावे. दोघांना पुन्हा लढायचेच असेल तर त्यांनी पट्ट्याविना लढावे किंवा आव्हानवीराची लढत आटोपून लढावे. बरोबरीचा किंवा गंभीर वादाचा निकाल असेल, तर पुनर्लढतीचा आदेश त्या लढतीशी आर्थिक संबंध नसलेल्या जजांच्या मंडळाने द्यावा. चारही पट्टे एकाकडे असताना कोणाची पाळी केव्हा येते, हे चौघांनी मिळून वर्षाच्या सुरुवातीला तारखांसह प्रसिद्ध करावे. पाळीपाळीची पद्धत आपल्यात आहे, पण ती बाहेरच्याला अफवांमधून कळते. दुखापतीचे कारण असेल तर तपासणी स्वतंत्र डॉक्टरांची असावी. आव्हानवीराने बाजूला व्हावे म्हणून पैसे दिले गेले तर ती रक्कम जाहीर व्हावी, म्हणजे एखादा माणूस रांगेतून का गेला हे रांगेतल्या पुढच्याला कळेल.

आमच्या शेडमध्ये भिंतीवर एक फळा आहे. त्यावर मी दर सोमवारी खडूने आठवड्याच्या स्पारिंगच्या जोड्या लिहितो. ज्याला जोड आवडत नाही तो कुरकुरतो, पण कोणाशी आणि केव्हा, हे त्याला सोमवारीच कळलेले असते. आपल्या संकेतस्थळावर हेवीवेटसाठी असा एक फळा लावता आला, तर त्या पहाटे कळव्याच्या पोराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला तिथूनच वाचून दाखवीन. तो अजून वर्गाला येतो आणि अधूनमधून विचारतोही.

कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक बॉक्सिंग प्रशिक्षक,
ठाणे (पश्चिम)